पुलांचें आयुष्य आणि पुलांचीं दप्तरें

[१]

शके १९३८ आषाढ वद्य अमावास्या, मंगळवार, म्हणजे ता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडनजीक सावित्री नदीवरील मुंबई-गोवा हमरस्त्याचा जुना दगडी पूल महापुरांत कोसळला आणि दोन एसटी गाड्या व इतर कांहीं वाहनें उतारूंसह नदींत गेलीं. हा पूल सन १९२८ मध्यें बांधलेला होता. म्हणजे पडतेसमयीं त्याचें वय अठ्ठ्याऐंशी वर्षांचें होतें. त्याच सालच्या मे महिन्यांत त्याची पाहणी झालेली असून वाहतुकीस धोका नाहीं असा अभिप्राय मिळालेला होता, हें मागाहून प्रसिद्ध झालें. पुढें जून २०१७ मध्यें त्याच ठिकाणीं नवा पूल वाहतुकीस खुला झाला, आणि लोकांचें लक्ष दुसरीकडे गेलें.

पूल हा विषय इंजिनिअरांचा. त्याचा इतिहाससंशोधकांशीं काय संबंध, असा प्रश्न वाचकांपैकीं कोणी करील. त्यास आमचें उत्तर असें कीं, एकादा पूल आणखी किती वर्षें टिकेल हें सांगण्याची जी विद्या अलीकडे वाढत आहे, ती अर्धी गणिताची व अर्धी दप्तराची आहे. गणिताचा भाग ज्यांचा त्यांनीं पाहावा; दप्तराचा भाग मात्र आपणां कागद शोधणाऱ्यांच्या वांट्यास येतो. तो कसा येतो, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

[२]

प्रथम एका लोकवार्तेची छाननी करूं. सावित्रीचा पूल पडल्यापासून, आणि तत्पूर्वींहि, आपल्याकडे अशी गोष्ट सर्रास ऐकूं येते कीं, इंग्रजी अमदानींत बांधलेल्या अमुक पुलास शंभर वर्षें पुरीं होत आलीं तेव्हां विलायतेहून पत्र आलें, आणि त्यांत ‘आम्हीं बांधलेल्या पुलाची मुदत संपली, आतां तो वापरूं नये,’ असें कळविलेलें होतें. ही गोष्ट एका पुलाची नाहीं. कृष्णाकांठीं ती एका पुलाविषयीं सांगतात, कोंकणांत दुसऱ्या, आणि मुंबईंत तिसऱ्याविषयीं. मजकूर तोच, नदी तेवढी निराळी.

कोणत्याहि कागदास आपण जे प्रश्न विचारतों तेच येथें विचारावे. पत्र लिहिणारा कोण? मुंबई इलाख्यांतील रस्त्यांचे पूल सरकारच्या बांधकाम खात्याच्या देखरेखीखालीं होत; त्या खात्याचीं कामें व कागद स्वराज्यानंतर येथल्याच सरकारकडे आले. तेव्हां पुलाची मुदत ध्यानांत ठेवून शंभर वर्षांनीं पत्र पाठवील असा विलायतेंतील कारकून कोणत्या कचेरींत बसला आहे, हें दाखवावें लागेल. पत्र कोणास आलें? तें आलें असेल तर आवकबारनिशींत त्याची नोंद पाहिजे. मजकुराचा काळ कोणता? शंभर वर्षांचा आंकडा आज आपल्या कानांवर आहे तो मुख्यतः अलीकडच्या नियमांमुळें. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्थाच सन १९३४ मध्यें स्थापन झाली, आणि काँक्रीटच्या पुलाचें संकल्पित आयुष्य सामान्यतः शंभर वर्षें धरावें हें तिच्या सन २०११ च्या ११२ व्या क्रमांकाच्या संहितेंत आहे. ज्या पत्राची भाषा त्याच्या मित्तीपेक्षां नवी असते, त्याविषयीं संशय घेण्याची आपली रीत आहे.

एवढ्यावरून ही वार्ता टाकून देण्याजोगी ठरत नाहीं. बखरींतल्या अद्भुत प्रसंगाप्रमाणें तींतूनहि एक खरी गोष्ट कळते. आपल्या पुलाच्या वयाचा हिशेब आपल्यापाशीं नाहीं, तो कोणा परक्यापाशीं सात समुद्रांपलीकडे नीट बांधून ठेवलेला आहे, असें लोकांस वाटतें. पत्र खोटें असलें तरी हा समज खरा आहे, आणि तोच मनास अधिक लागतो.

[३]

आतां आयुष्य वर्षांनीं मोजावें कीं नाहीं, याचा विचार. ज्योतिषी ज्याप्रमाणें एकाच वेळीं जन्मलेल्यांच्या पत्रिका ताडून पाहतो, त्याप्रमाणें जवळजवळ एकाच काळीं जन्मलेले तीन पूल आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

पहिला सावित्रीचा, सन १९२८ चा. तो अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं पुरांत गेला.

दुसरा अमेरिकेंत ओहायओ नदीवर पॉइंट प्लेझंट या गांवीं बांधलेला. त्यास रुपेरी रंगावरून ‘सिल्व्हर ब्रिज’ म्हणत. तोहि सन १९२८ चाच. पोलादी डोळेदार पट्ट्यांच्या सांखळीवर तो लोंबता होता. ता. १५ डिसेंबर १९६७ रोजीं सायंकाळीं, वाहनांची गर्दी असतां, तो क्षणार्धांत नदींत कोसळला आणि ४६ माणसें गेलीं. चौकशीअंतीं असें निघालें कीं, एका पट्टीच्या डोळ्यांत आंतल्या बाजूस सुमारें अडीच मिलिमीटर खोलीची चीर पडली होती. पूल न सोडवितां ती डोळ्यांस दिसणें शक्य नव्हतें. वय एकोणचाळीस.

तिसरा सांगलीचा आयर्विन पूल. सन १९२९ मध्यें खुला झालेला हा दगडी कमानींचा पूल शंभरीच्या उंबरठ्यावर उभा आहे. कृष्णेच्या पाण्याची उंची सांगलीकर याच पुलापाशीं मोजतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत येथील पाणी सत्तावन फुटांवर गेलें होतें, तेंहि त्यानें सोसलें.

तिघांचा जन्मकाल एक, आयुष्यें तीन. याच्या उलट बाजूचेंहि एक उदाहरण आपल्याच सह्याद्रींत आहे. बोरघाटांतील लोहमार्ग सन १८६३ मध्यें खुला झाला, आणि त्यावरचा एक उंच कमानींचा पूल जुलै १८६७ मध्यें, अवघ्या चार वर्षांत, खालीं आला. बाहेरून घडीव दगड आणि आंत कच्च्या चुन्याची भर, असें तें बांधकाम होतें. त्यानंतर त्या मार्गावरील दगडी बांधकामाची झडती घ्यावी लागली, आणि पुष्कळ ठिकाणीं तोच दोष सांपडला. तेव्हां पूल म्हातारा झाला म्हणजे मरतो, हा सिद्धांत जसाच्या तसा टिकत नाहीं. बालमृत्यु पुलांतहि आहेत.

[४]

आयुष्य नियत आहे कीं अनियत, हा वाद आपल्या शास्त्रांत फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानांत, तिसऱ्या अध्यायांत, अग्निवेश आत्रेयांस विचारतो कीं, सर्वांचें आयुष्य ठरलेलें असेल तर कालमृत्यु आणि अकालमृत्यु असा भेद कसा संभवतो? आत्रेय त्यास गाडीच्या आंसाचा दृष्टांत देतात. चांगल्या लांकडाचा व सर्व गुणांनीं युक्त असा आंस नीट चालविला तर झिजत झिजत आपल्या स्वाभाविक काळीं संपतो, हा कालमृत्यु. परंतु तोच आंस अतिभारानें, खांचखळग्यांच्या वाटेनें, आडरानांत नेल्यानें, चाक मोडल्यानें, हांकणाऱ्याच्या अगर ओढणाऱ्या जनावराच्या दोषानें, खीळ निसटल्यानें किंवा वंगण न मिळाल्यानें मध्येंच मोडतो, हा अकालमृत्यु.

वैद्यकाच्या ग्रंथांत माणसाच्या आयुष्यासाठीं यंत्राचा दृष्टांत घेतला आहे. आम्ही तो उलट फिरवून यंत्रास लावतों, आणि तो तंतोतंत लागतो. अतिभार म्हणजे आजच्या मालमोटारी. पोलादाच्या थकव्याविषयीं आतां सर्वमान्य झालेला नियम असा कीं, वाहन जातां-येतांना सांध्यावर पडणारा ताणाचा फरक दुप्पट झाला, तर तो सांधा सोसूं शकेल अशा फेऱ्यांची संख्या निम्मी न होतां एक-अष्टमांश होते. म्हणजे लोखंडी पुलाचें वय वर्षांत न मोजतां त्यावरून गेलेल्या ओझ्यांत मोजावयाचें. वंगण म्हणजे देखभाल. काँक्रीटच्या पुलांत हवेचा परिणाम सळईच्या दिशेनें जितका खोल पोंचतो, ती खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असते. यामुळें सळईवरील काँक्रीटचा थर दुप्पट जाड असेल, तर तीस गंज सुरू होण्याची वेळ चौपट लांबते. बांधतांना दोन बोटें थर कमी ठेवणाऱ्यानें पुलाचें किती आयुष्य चोरलें, हें यावरून कळावें.

आणि खांचखळग्यांची वाट म्हणजे नदीचें पात्र. खांबाभोंवतीं पुराचें पाणी भोंवरा धरून तळ उकरतें. या उकरीचा हिशेब ज्या सूत्रांनीं करतात त्यांतील एक जेराल्ड लेसी यांनीं सन १९३० मध्यें हिंदुस्थानांतील कालव्यांच्या अनुभवावरून मांडलें. तें सूत्र असें सांगतें कीं, पात्राची स्वाभाविक खोली प्रवाहाच्या घनमुळाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह आठपट झाला तर खोली दुप्पट. खांबापाशीं ती त्याहूनहि पुष्कळ अधिक होते. या प्रश्नावरील महत्त्वाचे प्रयोग आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्रांत झाले. सर क्लॉड इंग्लिस यांनीं ते सन १९४९ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले, आणि त्यांचें सूत्र परदेशीं अजून पुण्याच्या नांवानें ओळखलें जातें. या उकरीचा कपट असा आहे कीं, पूर ओसरतांना तो खड्डा गाळानें पुन्हा भरतो. उन्हाळ्यांत पात्र कोरडें असतां पाहणाऱ्यास तळ सपाट दिसतो. दगड जागेवर दिसतात. आणि अभिप्राय लिहिला जातो.

[५]

मग भाकित करावयाचें तरी कशावरून? सिल्व्हर ब्रिजच्या अपघातानंतर अमेरिकेनें सन १९७१ मध्यें राष्ट्रीय पाहणीचे नियम केले. सामान्यतः दर दोन वर्षांनीं प्रत्येक पुलाची पाहणी करावयाची आणि त्याच्या अंगोपांगांस शून्यापासून नऊपर्यंत प्रत द्यावयाची. चरकाच्या इंद्रियस्थानांत ज्याप्रमाणें वर्ण, स्वर, गंध इत्यादींवरून रोग्याचें शेष आयुष्य ओळखण्याचीं अरिष्टलक्षणें दिलीं आहेत, त्याप्रमाणेंच हें पुलाचें इंद्रियस्थान होय. आपल्याकडेहि ऑक्टोबर २०१६ मध्यें, म्हणजे सावित्रीच्या दुर्घटनेनंतर दोन महिन्यांनीं, केंद्र सरकारनें राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांची अशी नोंदपद्धति सुरू केली, आणि प्रत्येक पुलास ओळखक्रमांक व प्रत देण्याची व्यवस्था केली.

अशा प्रतींच्या नोंदी वर्षानुवर्षें सांठल्या म्हणजे त्यांवरून संभाव्यतेचें गणित करतां येतें. मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाच्या नांवानें तें प्रसिद्ध आहे. समजा, सहाव्या प्रतीचे शंभर पूल आहेत आणि त्या प्रतींत उरलेल्यांपैकीं शेंकडा दहा दरसाल पांचव्या प्रतींत उतरतात. या मानानें दहा वर्षांनंतरहि सुमारें पस्तीस पूल सहाव्या प्रतींतच राहतील. यावरून कोणत्या वर्षीं किती पुलांस डागडुजी लागेल व किती पैसा राखून ठेवावा, हें खात्यास बरेंच नेमकें सांगतां येतें. परंतु त्या पस्तिसांत महाडचा पूल आहे कीं पडणाऱ्यांत आहे, हें गणित सांगत नाहीं. तें समुदायाचें भाकित आहे, व्यक्तीचें नाहीं. शिवाय या गणितांत पुलास स्मृति नसते: तो सहाव्या प्रतींत काल आला कीं वीस वर्षांमागें आला, हें त्यास सारखेंच. खऱ्या दगडास व लोखंडास मात्र स्मृति असते. ती स्मृति गणितांत घालावयाची तर कागद पाहिजेत.

[६]

येथें हस्तलिखितें जमविणाऱ्यांस परिचित असा एक भ्रम सांगितला पाहिजे. जुने पूल पाहून लोक म्हणतात, ‘पूर्वीचें बांधकाम काय मजबूत होतें!’ प्रतापगडाखालीं पार गांवाजवळचा कोयनेवरील दगडी पूल परंपरेनें शिवकालीन मानला जातो, आणि त्याकडे बोट दाखवून आजच्या कामास नांवें ठेवतात. परंतु आपल्या संग्रहांतील तीनशें वर्षांचा कागद पाहून ‘त्या काळचा सर्वच कागद टिकाऊ होता’ असें आपण म्हणतों काय? कसर लागून, भिजून, रद्दींत जाऊन जे नाहींसे झाले त्यांची मोजदाद आपल्यापाशीं नाहीं. उरलेलेच तेवढे साक्ष देतात. पुलांचेंहि असेंच. वाहून गेलेल्यांचे दगड पुढच्या बांधकामांत गेले. ते साक्ष द्यावयास येत नाहींत.

याच्या उलट दुसरा भ्रम. मुंबईचा सन १८७९ चा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्यें पाडला. परंतु तो पडला नव्हता, खालून जाणाऱ्या आगगाड्यांस अधिक उंची पाहिजे होती म्हणून उतरविला. त्याचें आयुष्य १३६ वर्षें होतें असें कोष्टकांत लिहिणें म्हणजे गांव सोडून गेलेल्या माणसाची नोंद मृतांत करणें होय. तो कमींत कमी इतकीं वर्षें टिकला, एवढेंच म्हणतां येईल. आयुष्याचीं कोष्टकें करणारे गणिती अशा नोंदी निराळ्या ठेवतात. परंतु पाडण्याचें कारणच कागदावर नसेल, तर त्यांनीं तरी कसें करावें?

[७]

दप्तर नसल्यानें, किंवा असूनहि न वाचल्यानें, काय होतें याचीं दोन अलीकडील उदाहरणें देऊन आम्ही मूळ सूचनेकडे वळतों.

मोरवीचा मच्छु नदीवरील झुलता पूल सन १८७९ मध्यें मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या हस्तें खुला झाला. दुरुस्तीनंतर तो ता. २६ ऑक्टोबर २०२२ रोजीं पुन्हा उघडला, आणि चारच दिवसांनीं, ता. ३० रोजीं, तुटून १३५ माणसें गेलीं. सरकारनें नेमलेल्या तपास-पथकास असें आढळलें कीं, एका मुख्य दोरांतील ४९ तारांपैकीं २२ आधींच गंजून गेल्या होत्या, आणि लांकडी फळ्यांच्या जागीं ॲल्युमिनिअमचे पत्रे बसविल्यानें पुलाचें स्वतःचें वजनहि वाढलें होतें. पूल नवा दिसूं लागला. आंतला दोर मात्र जुनाच होता. आपल्यांपैकीं कोणी जीर्ण पोथीस नवें बासन शिवून ती नवी झाली असें मानील काय?

दुसरें इंद्रायणीवरील कुंडमळ्याचें. तळेगांवजवळील हा लोखंडी पादचारी पूल ता. १५ जून २०२५ रोजीं गर्दीच्या ओझ्यानें कोसळला व चार जण दगावले. पूल धोकादायक असल्याची पाटी तेथें होती. म्हणजे येथें भाकित झालें होतें, लिहिलेंहि होतें; पण त्याची बजावणी झाली नव्हती. ज्या भाकितापुढें वाट अडविणारा कोणी उभा नसतो, तें भाकित पंचांगांतल्या पावसासारखें लोक ऐकून सोडून देतात.

असो. आतां आमची सूचना. एका पुलाचें शेष आयुष्य ठरविण्यास इंजिनिअरास जें पाहिजे असतें, तें थोडक्यांत असें: पाया किती खोल व खडकावर आहे कीं वाळूवर, दगड कोणत्या खाणीचा, चुना कोणता, कमानींच्या पोटांत भर कशाची, कोणत्या सालीं पाणी कोठवर चढलें, कोणत्या सालीं काय दुरुस्त केलें, आणि बांधतांना जड वाहन म्हणून कोणतें ओझें धरलें होतें. यांपैकीं पहिल्या चार गोष्टी आज खणून, भोंक पाडून, ध्वनिलहरींनीं शोधतां येतात, पण त्यास खर्च फार. उरलेल्या तीन मात्र कोणतेंहि यंत्र सांगूं शकत नाहीं. त्या कागदांतच असावयाच्या.

हे कागद कोठें असतील? कांहीं मुंबईच्या पुराभिलेखागारांत, जेथें इलाख्याचीं दप्तरें सन १८२१ पासून जतन होत आलीं आहेत. कांहीं संस्थानांच्या दप्तरांत, कारण दक्षिणेंतील पुष्कळ पूल संस्थानिकांनीं बांधविले किंवा त्यांस पैसा पुरविला. परंतु पुष्कळसे खासगी घरांत असले पाहिजेत. मक्तेदारांच्या रोजकीर्दी व खतावण्या, ओव्हरसियरांच्या टिपणवह्या, पाथरवटांस दिलेल्या मजुरीचे हिशेब, उद्घाटनाचीं निमंत्रणपत्रें व छायाचित्रें, आणि देवळाच्या पायरीवर किंवा घाटाच्या भिंतीवर कोरलेल्या पुराच्या खुणा, या साऱ्या आपल्या नजरेखालून जातात. मोडी सनद हातीं आली म्हणजे आपण ती जपून ठेवतों. त्याच बासनांतील चुन्याच्या भट्टीचा हिशेब मात्र ‘किरकोळ’ म्हणून बाजूस टाकतों. आमची विनंति अशी कीं, यापुढें तो टाकूं नये. ज्यांच्या संग्रहीं असा कागद असेल त्यांनीं त्याची नक्कल करून एक प्रत पुलाच्या मालक खात्याकडे व एक जवळच्या संशोधनसंस्थेकडे द्यावी. गांवच्या पुलावरील शिलालेख व पुराच्या खुणा मित्ती व उंचीसह टिपून घ्याव्या. पूल पाडला गेला तर तो कां पाडला, हें त्याच वेळीं लिहून ठेवावें.

कागदानें पूल उभा राहत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण आत्रेयांच्या आंसास वंगण केव्हां द्यावें, ओझें केव्हां उतरावें आणि गाडी केव्हां थांबवावी, हें हांकणाऱ्यास कळावयाचें तर त्या आंसाची हकीकत त्यास ठाऊक पाहिजे. ती हकीकत विलायतेहून पत्रानें यावयाची नाहीं. ती आपल्याच माळ्यावरच्या बासनांत आहे, आणि तीं सोडण्याचें काम आपल्याकडे आहे.